महापौरांकडे जाण्याआधी: कोणतं काम, कुठे आणि किती खर्चात

महापौरांना भेटायला पैसे लागत नाहीत. अर्ज द्यायला लागत नाहीत, शिफारसपत्रालाही लागत नाहीत. तरीही महापौर कार्यालयाच्या चकरा मारणाऱ्याच्या खिशातून पैसे जातातच. बुडालेला रोज, रिक्षा, झेरॉक्स, टायपिंग आणि व्हरांड्यात भेटणाऱ्या ‘ओळखीच्या माणसा’चं चहापाणी. यातला बराचसा खर्च एकाच कारणानं होतो: जे काम महापौरांच्या हातात नाही, ते घेऊन लोक त्यांच्या दारात उभे राहतात.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कुठे २०२० पासून, कुठे २०२२ पासून प्रशासकच कारभार पाहत होते. महापौर कार्यालयाची सवय मोडलेली आहे आणि अशा वेळी मधल्या माणसांचं फावतं. म्हणून तुम्ही घरातून निघण्याआधी पुढचं वाचून घ्या.

सही कोणाची?

कुठलंही काम हाती घेताना पहिला प्रश्न हा विचारा. पाणीजोडणी, बांधकाम परवानगी, नोटीस, अतिक्रमणावर कारवाई, कर्मचाऱ्याची चौकशी, बिलाचा चेक, या सगळ्यांवर सही असते आयुक्तांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची. आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. महापौरांना नगरसेवक आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी. त्यांचं कायद्यातलं मुख्य काम म्हणजे महासभा चालवणं. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तर निर्णायक मत त्यांचं. मोठ्या खर्चाच्या निविदा स्थायी समितीत मंजूर होतात आणि त्या समितीचा अध्यक्ष वेगळा असतो.

म्हणून महापौरांकडे जाणं व्यर्थ आहे, असं मात्र समजू नका. महापौर अधिकाऱ्यांची बैठक लावू शकतात, अहवाल मागवू शकतात, तुमचा प्रश्न सभागृहात आणवू शकतात. जो अधिकारी तुमच्या पत्राला उत्तर देत नाही, तो महापौरांच्या दालनातून आलेला फोन सहसा टाळत नाही. हा वजनाचा भाग झाला. कागदावरचा आदेश मात्र प्रशासनाकडूनच निघतो आणि तुम्हाला शेवटी कागदच हवा असतो.

‘महासभेत ठराव झाला’ अशी बातमी वाचून लगेच पैसे भरू नका किंवा भरायचे थांबवूही नका. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकतं. करमाफीचे ठराव तर सरकारच्या मंजुरीशिवाय खिशापर्यंत पोहोचत नाहीत. आयुक्तांचं परिपत्रक किंवा शासन निर्णय निघाला का, तेवढं विचारा.

तुमच्या गावात नगरपरिषद असेल तर तिथे महापौर नसतात. नगराध्यक्ष असतात, आणि आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी.

ही कामं घेऊन जाऊ नका

जन्म-मृत्यूची नोंद. घटनेपासून २१ दिवसांच्या आत मोफत होते. जन्म किंवा मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर नोंद कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. दाखला मिळतो विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयात. महापौरांच्या चिठ्ठीनं तो एक दिवसही लवकर मिळत नाही. उशीर झालेल्या नोंदीसाठी प्रक्रिया आणि शुल्क वेगळं, आणि वर्ष उलटलं तर काम महापालिकेबाहेर, महसूल अधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. त्यामुळे २१ दिवस चुकवू नका.

मालमत्ता कर. तुमचं एकट्याचं बिल कमी करण्याचा अधिकार महापौरांना नाही. करयोग्य मूल्य वाढवल्याची नोटीस आली की तिच्यावर छापलेल्या मुदतीत कर आकारणी विभागात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीवरचा निर्णय मान्य नसेल तर न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे आधी कराची रक्कम भरावी लागते. ‘महापौर साहेबांशी बोलणं झालंय, बिल भरू नका’ असं सांगणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. वर्षभर थांबलात तर २४ टक्के तुमच्या माथी, आणि तसं सांगणारा तेव्हा फोन उचलत नाही. वाद असला तरी शक्य असेल तर रक्कम ‘निषेध नोंदवून’ भरा, तसं पत्र सोबत द्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना माफी आहे. ती राज्य सरकारच्या निर्णयानं आहे आणि तिच्यासाठी कोणालाही पैसे देण्याचं कारण नाही.

बांधकाम पाडण्याची नोटीस. महापौरांना तिला स्थगिती देता येत नाही. नोटिशीला मुदतीत उत्तर, सोबत मंजूर नकाशा, कर पावती आणि खरेदीखत. गरज पडली तर वकील आणि न्यायालय. इथे दालनाबाहेर घालवलेला प्रत्येक दिवस मुदतीतून वजा होतो.

शाळाप्रवेश. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागा ऑनलाइन अर्ज आणि सोडतीनं भरतात. अर्ज मोफत, शिफारसीला जागाच नाही.

नोकरी. महापालिकेच्या भरतीत ‘महापौर कोटा’ नावाचा प्रकार नाही. कायम पदांची जाहिरात निघते, परीक्षा होते, यादी लागते. कंत्राटी कामगारांची नेमणूक ठेकेदार करतो. यासाठी कोणी पैसे मागितले तर ते गेलेच समजा.

ही कामं जरूर न्या

एकापेक्षा जास्त खात्यांत अडकलेलं काम. रस्ता खोदला पाणीपुरवठ्यानं, बुजवायचा पथ विभागानं, मधल्या ड्रेनेजच्या झाकणाचं काम तिसऱ्याचं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे महापौरांची संयुक्त बैठक खरोखर उपयोगी पडते. तिच्यासाठी अर्ज करताना ‘बैठक लावावी’ असं स्पष्ट लिहा आणि कोणत्या खात्यांना बोलवायचं त्यांची नावं द्या. बैठकीचं इतिवृत्त मागा. इतिवृत्तात खात्याचं नाव आणि तारीख नसेल तर त्या बैठकीचा तुम्हाला काही उपयोग नाही.

सगळ्या वस्तीचा प्रश्न. दवाखाना, शाळेची इमारत, उद्यान, स्मशानभूमी, रस्त्याला किंवा चौकाला नाव. हे विषय समित्यांतून आणि सभागृहातून जातात. त्यासाठी आधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे जा. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक आहे. इतर शहरांत एका प्रभागात बहुधा चार, म्हणजे तुमच्यासाठी चार दारं. त्यांच्यापैकी एकानं प्रस्ताव दिल्याशिवाय विषय कार्यपत्रिकेवर येणं अवघड. कार्यपत्रिका काढतं नगरसचिव कार्यालय. मुंबईत त्याला चिटणीस खातं म्हणतात.

आणि वेळ पाळा. मुंबई सोडून इतर महापालिकांत आयुक्तांनी अंदाजपत्रक १५ जानेवारीपर्यंत, मुंबईत ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करावं, असं कायदा सांगतो. म्हणजे वस्तीला गटार किंवा पदपथ हवा असेल तर पत्र दिवाळीच्या आत गेलेलं बरं. फेब्रुवारीत दिलेल्या पत्राला ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते खरंही असतं. पुण्यात नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं थेट अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्याचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या अखेरीस घेतले जातात. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, फुकट.

सभा बघायची असेल तर बघा. दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते, आणि सभेनं वेगळं ठरवलं नाही तर ती लोकांसाठी खुली असते. नगरसचिव कार्यालयात ओळखपत्र दाखवून गॅलरीचा पास मागा. जाण्याआधी फोन करा, कारण सभा तहकूब होण्याचं प्रमाण मोठं आहे आणि तुमची सुट्टी वाया जाते.

अर्ज कसा, कुठे, सोबत काय

साधा कागद, हातानं लिहिलेलं चालतं, मराठीत. वर विषय एका ओळीत. खाली नाव, पत्ता, मोबाइल. एका अर्जात एकच प्रश्न. फोटो असतील तर तारखेसह. आधी खात्याला दिलेल्या तक्रारीचा क्रमांक जरूर लिहा. तो नसेल तर अर्ज खात्याकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ जातो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. मुंबईत ही पहिली तक्रार १९१६ वर फोन करून नोंदवता येते. बाकी शहरांत महापालिकेचं ॲप, संकेतस्थळ किंवा क्षेत्रीय कार्यालय.

दोन प्रती न्या. एक आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. महापौरांच्या हातात दिलेला अर्ज फोटोत छान दिसतो, पण आवक क्रमांक नसेल तर तो कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नाही. हातात द्यायचा असेल तर द्या, पण आधी शिक्का मारून घ्या. अर्जाच्या तळाशी ‘प्रत: माननीय आयुक्त’ लिहून एक प्रत तिकडेही टाका. सही त्यांची आहे, हे विसरू नका.

भेटीची वेळ महापौरांच्या स्वीय सहायकांकडून ठरते. हार, गुच्छ, शाल, श्रीफळ यातलं काहीही लागत नाही. महापौरांची गाठ पडली नाही तर उपमहापौरांकडेही अर्ज देता येतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर त्या काळात जाऊ नका. कामं तिथे थांबलेली असतात.

दवाखान्याच्या बिलासाठी

महापौर कार्यालयात येणाऱ्यांत सर्वांत हतबल माणसं ही असतात, आणि सर्वांत जास्त फसवली जाणारीही हीच. म्हणून इथे थोडं थांबतो.

काही महापालिकांत महापौर निधी आहे. गंभीर आजारांसाठी त्यातून मदत मिळते, पण ती बिलाच्या मानानं लहान असते आणि सहसा रुग्णालयाच्या नावे चेकनं दिली जाते. तुमच्या शहरात निधी चालू आहे का, हे महापौर कार्यालयात फोन करून आधी विचारा. कागद साधारण हे लागतात: रुग्णालयाचं शिक्का असलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल, रुग्णाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, त्या शहरात राहत असल्याचा पुरावा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका.

पण महापौर निधी हे पहिलं दार नाही. रुग्ण भरती करतानाच हे तीन प्रश्न विचारा.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? असेल तर योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन रुग्णालयातल्याच आरोग्यमित्राला भेटा. चौकशीचा फोन १५५३८८. यासाठी कुणाचंही पत्र लागत नाही.

रुग्णालय धर्मादाय आहे का? असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं त्याला बंधनकारक आहे. बिलिंगच्या खिडकीवर हे आपणहून सांगितलं जात नाही. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड दाखवा. नकार मिळाला तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. महापौरांचा फोन उपयोगी पडायचाच असेल, तर तो इथे पडतो.

मुख्यमंत्री सहायता निधीत बसतं का? वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत हवं. कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातही आहे. अर्ज मोफत.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: घरी गेल्यावर, बिल भरून झाल्यावर केलेल्या अर्जाला सहसा काही मिळत नाही. रुग्ण खाटेवर असतानाच कागद हलवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि त्याला दिवस लागतात. तेव्हा घरातल्या एकानं पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागावं.

‘मदत मंजूर करून देतो, इतके टक्के माझे’ असं म्हणणारे रुग्णालयाच्या आवारातच फिरतात. पाच पैसेही देऊ नका. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, त्यामुळे तो टक्का तुम्हालाच पदरचा भरावा लागतो.

शिफारसपत्र आणि आधारची सही

शिफारसपत्राला कायद्यात किंमत नाही. खात्यानं ते मानलंच पाहिजे, असं बंधन कुठेही नाही. मिळालं तर फाइलला जोडा, पण त्याच्यासाठी दोन दिवस घालवू नका.

एका सहीला मात्र खरी किंमत आहे. भाड्यानं राहता, नावावर वीजबिल नाही, आणि आधारवरचा पत्ता बदलायचा आहे, तर आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, आणि त्यावर नगरसेवकाची सही चालते. महापौरही नगरसेवकच असतात, पण त्यांच्या रांगेत कशाला उभं राहायचं? आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे जा. नमुना साध्या ए-फोर कागदावर छापून न्या. लेटरहेडची गरज नाही. रंगीत फोटो चिकटवा आणि सही-शिक्का फोटोवर अर्धा येईल असा घ्या. रकाने सगळे भरा, खाडाखोड नको. प्रमाणपत्र तारखेपासून ३ महिने चालतं. हे प्रमाणपत्र मोफत. आधार केंद्रावर पत्ता बदलायचे ७५ रुपये, बोटांचे ठसे वगैरे नव्यानं द्यायचे असतील तर १२५. याहून जास्त मागितले तर पावती मागा.

छुपे खर्च

फॉर्म विकत घेऊ नका. महापालिकेचे बहुतेक फॉर्म संकेतस्थळावर फुकट मिळतात. गेटबाहेरच्या टेबलावर तोच कागद पैसे घेऊन देतात.

साक्षांकनासाठी धावू नका. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानुसार बहुतेक कामांना स्वतःच्या सहीची प्रत आणि साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. कायद्यानं प्रतिज्ञापत्रच हवं असेल तेवढीच कामं अपवाद. जात, उत्पन्न, अधिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. १०० चा स्टँप बंद झाल्यावर ५०० रुपयांचा स्टँप सर्रास गळ्यात मारला जातो. कोणत्या नियमानं लागतो, ते लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

पावतीशिवाय रोख नाही, आणि कोणाच्याही वैयक्तिक मोबाइल नंबरवर ऑनलाइन पैसे नाहीत. महापालिकेचं शुल्क नागरी सुविधा केंद्रात किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावरच भरायचं. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४. पैसे देण्याआधी करा, दिल्यानंतर नाही.

काम अडलं तर

आधी कार्यालयातला फलक बघा. लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी लिहून लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करा. अधिकारी दोषी ठरला तर त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. दाखला, नोंद, जोडणी अशा कामांना शिफारसपत्रापेक्षा हे अपील जास्त लागू पडतं, कारण दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

फलकावर नसलेल्या कामासाठी लोकशाही दिन. महिन्याचा पहिला सोमवार, आयुक्तांसमोर. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, १५ दिवस आधी, दोन प्रतींत. तक्रार तुमची स्वतःची हवी. न्यायालयात चालू असलेली, नोकरीविषयक किंवा अपिलातली प्रकरणं घेत नाहीत.

फाइल कुठे अडली हे बघायचं असेल तर पैसे न भरता बघता येतं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ही सोय कर्मचाऱ्यांनाही माहीत नसते, म्हणून निर्णयाची झेरॉक्स खिशात ठेवा. फाइल दाखवली नाही तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत, प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, स्टँप २० रुपयांचा.

माहिती अधिकारात ‘काम का होत नाही’ असं विचारू नका. कारणं द्यायला ते बांधील नसतात. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्यानं, काय शेरा मारला, त्याची प्रत द्या’ असं लिहा. महापौरांना दिलेल्या अर्जालाही हे लागू आहे. शेऱ्याची प्रत हातात आली की तिच्यावर ज्या अधिकाऱ्याचं नाव असेल, पुढची भेट त्याचीच घ्या.